वही नष्ट केल्याचा पंचनामा

या अंकाच्या संपादकांना मी आजवर सात पत्रे लिहिली. त्यांपैकी पाच मुद्रणदोषांविषयी होती, एक मुखपृष्ठाविषयी आणि एक आधीच्या सहा पत्रांना उत्तर न आल्याविषयी. सातव्या पत्राला उत्तर आले. ‘आता आपणच आमच्यासाठी काही लिहा,’ असे त्यात होते. तक्रारदाराला गप्प करण्याचा हा जुना सरकारी मार्ग आहे. त्याला समितीवर घेतात. मार्ग मला पूर्ण कळतो. तरीही लिहितो आहे, कारण मला एक कबुली द्यायची आहे, आणि कबुली लेखी असावी असे माझे मत आहे.

मी अर्ज लिहिणारा होतो. तालुक्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाचे झाड आहे. त्याच्या बुंध्याशी एक टेबल, दोन खुर्च्या, मराठी टंकलेखन यंत्र आणि कार्बन कागदांची डबी एवढे माझे कार्यालय. तेथे मी माझ्या आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे बसलो. बाहेरच्या माणसाला वाटते की अर्ज लिहिणाऱ्याला कायदा पाठ हवा. कायदा पुस्तकात असतो, उघडून पाहता येतो. खरे काम ऐकण्याचे आहे. माणूस समोर बसतो आणि आजोबांपासून सुरुवात करतो. अर्धा तास बोलतो. त्या अर्ध्या तासात कायद्याच्या उपयोगाचे एक वाक्य असते, आणि ते तो बहुधा उठता उठता बोलतो. ते वाक्य पकडून, त्याला पुन्हा खाली बसवून, ‘मग तुमची मागणी काय?’ असे विचारणे हा आमचा धंदा. माणसांना आपले दुःख तोंडपाठ असते; मागणी मात्र बहुतेकांनी ठरवलेली नसते.

एकदा दोन सख्खे भाऊ एकाच सकाळी बांधाची तक्रार घेऊन आले, एकमेकांविरुद्ध. झाड एक, यंत्र एक. थोरल्याचा अर्ज होईपर्यंत धाकटा शेजारीच बसून होता, आणि दोघांनी एकाच काडीवर बिड्या पेटवल्या होत्या. मी थोरल्याला अर्ज वाचून दाखवला. धाकट्याने कान देऊन ऐकला.

“अण्णा, त्याच्यात ‘जाणीवपूर्वक’ हाय. माझ्यात बी घाला.”

“बांध घेतला तेवढा बास झाला,” थोरला म्हणाला. “आता शब्द बी माझाच घेतो का?”

मी दोघांच्याही अर्जांत तो शब्द घातला. कायद्यासमोर सर्व समान आहेत.

दुसरे एक गृहस्थ मिरजगावच्या बाजारात धान्याचा व्यापार करीत. दरवर्षी पोळ्याच्या आधी येऊन ते मेव्हण्याविरुद्ध सविस्तर तक्रार लिहवून घेत, दोनदा वाचून घेत, आणि घडी करून खिशात ठेवीत. तिसऱ्या वर्षी मी विचारले, “हे तुम्ही पाठवत का नाही?” ते म्हणाले, “पाठवलं तर बायको माहेरी जाईल. पर अण्णा, तुमच्या तोंडून ऐकलं की वर्षभर बरं वाटतं.” त्यांच्यावर मी तेव्हा चिडलो होतो. कागद हा पाठवण्यासाठी असतो, ही माझी श्रद्धा होती.

चिडणे हा माझा स्वभाव आहे, हे मी नाकारत नाही. चुकीच्या जागी लागलेला शिक्का, तारीख नसलेली पोच, ‘साहेब दौऱ्यावर’ ही पाटी, या गोष्टी दिसल्या की कागद यंत्रावर चढवल्याशिवाय मला राहवत नाही. दिवसभर लोकांचे अर्ज आणि संध्याकाळी स्वतःची पत्रे असा माझा क्रम होता. माझी पत्नी म्हणे, “दुसऱ्यांची भांडणं संपली का? आता आपली काढा.” या रागाने पुष्कळांचे भले झाले, असे मला वाटते. एकदा मात्र तो भलत्याच ठिकाणी गेला. त्याविषयीच लिहायचे आहे.

आमचे गाव मिरजगावपासून सायकलवर पाऊण तासाच्या अंतरावर आहे. नाव लिहीत नाही, कारण या हकिगतीतील संस्था अजून अस्तित्वात आहे आणि तिचे वकीलही. गावाबाहेर एक मोठे शेत आहे. ते पूर्वी मिशनचे होते, पुढे या संस्थेकडे आले. गावातील ख्रिस्ती घरांपैकी बहुतेकांच्या दोन-दोन पिढ्या त्याच शेतावर राबल्या. माझे वडील दानियल तेथे राखणदार होते. पिकात उभारलेल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, उभे राहून गोफणीने पाखरे उडवीत.

ज्वारीची खळी उरकली की एका रविवारी आमचा सुगीचा सण होतो. आम्ही जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणतो. त्या दिवशी देवळात वेदीपाशी कणसांच्या पेंढ्या, भोपळे, अंडी आणि पाय बांधलेल्या कोंबड्या ठेवलेल्या असतात. कोंबड्या उपदेशात व्यत्यय आणतात. याविषयी मी दोन पाळकांना लेखी कळवले होते. त्या दिवशी एक गीत म्हणतात. मिशन शाळेच्या एका जुन्या मास्तरांनी ते रचले. त्याची मूळ कडवी चार. पहिले असे आहे:

*शेत तुझे, पीक तुझे, घाम तेवढा आमुचा,*
*तोही तुझ्या कृपेचा, प्रभुराया.*

यापुढे आमच्या गावची एक रीत होती, जी मी अन्यत्र पाहिली नाही. दरवर्षी सुगीनंतर महिला मंडळ बसून ठरवी की या वर्षी शेतावर सर्वांत विश्वासूपणे कोण राबले. त्या माणसाचे नाव आणि काम घालून एक नवे कडवे रचत आणि ते त्या गीताच्या शेपटाला जोडत. अमक्याने मोट हाकली, तमकीने आजारी शेजारणीच्या वाट्याची खुरपणी केली. गीत दरवर्षी एका कडव्याने वाढत असे. कडवी रचणाऱ्या बायकांपैकी एकीलाही लिहिता येत नव्हते. त्या काळच्या मास्तरांनी कौतुकाने एका वहीत ती उतरवली, पुढच्या मास्तरांनी भर घातली, आणि ती वही देवळाच्या कपाटात राहू लागली.

मी देवळाच्या पंचकमिटीचा चिटणीस झालो तेव्हा ती वही माझ्या ताब्यात आली. मी ती वाचली आणि यंत्रावर कागद चढवला. उपासना देवाची, तिच्यात गावातल्या माणसांची नावे कशी? निवड करणाऱ्या मंडळाला अधिकार कोणी दिला? ठराव कोठे आहे? पाळकसाहेबांना मी तीन पानी पत्र लिहिले. त्यांनी वरून सही केली, “मान्य.” नंतर तोंडी म्हणाले, “शमुवेल, तुमचं म्हणणं पटलं असं नाही. पण पुन्हा तीन पानं वाचण्यापेक्षा हे बरं.”

त्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. वही मी दोनदा वाचली होती, आणि दुसऱ्यांदा केवळ एक नाव शोधण्यासाठी. माझ्या वडिलांचे नाव तीत नव्हते. विळा, खुरपे, मोट, नांगर यांना त्या बायकांच्या हिशेबी श्रम म्हणत. माळ्यावर उभे राहून वीस सुग्या पाखरे हाकणे त्यात धरत नसत. माझा आक्षेप तत्त्वाचा होता, असे मी तेव्हा शपथेवर सांगितले असते. आज तशी शपथ घेणार नाही.

मूळ चार कडवी मी स्वच्छ टंकित केली, त्यांच्या प्रती काढून वाटल्या, आणि वहीचा विषय कायमचा संपवायचे ठरवले. एकाच गीताचे दोन पाठ राहिले तर पुढे वाद होतात. सरकारी कचेरीत जुने दप्तर नष्ट करताना पंचनामा करतात. तसा मी केला. पाळकसाहेबांच्या स्वयंपाकघरात, चुलीवर चहाचे आधण असताना, पाळकसाहेब आणि देवळाची घंटा वाजवणारे आबा अशा दोन पंचांसमोर वही जाळली. पाळकीणबाई म्हणाल्या, “चला, चहा तरी लवकर होईल.” पंचनाम्यात मी लिहिले: ‘मनुष्यनामांची कडवी असलेली, अनधिकृत व निरुपयोगी वही आज रोजी समक्ष नष्ट केली.’ तीन प्रती केल्या. एक देवळाच्या दप्तरी, एक माझ्याकडे, आणि एक शेत ज्यांचे त्या संस्थेला, माहितीसाठी सादर. संस्थेचा या गोष्टीशी कवडीचा संबंध नव्हता. पण प्रत पाठवण्याची माझी सवय होती.

या गोष्टीला बरीच वर्षे झाली. नव्वदचे दशक अर्धे सरत आले होते. एका सकाळी मार्थाबाई झाडाखाली आली. सत्तरीची, विधवा, शेताच्या कडेला दोन खोल्यांच्या घरात एकटी राहणारी. नवरा याकोब वारून बरीच वर्षे झाली होती. ती मला लहानपणापासून ओळखत होती, म्हणून सारा तालुका ‘अण्णा’ म्हणत असताना ती ‘शामू’ म्हणे.

“सलाम, शामू.”

“सलाम, मावशी. बसा.”

ती बसली नाही. पदराच्या गाठीतून तिने एक कागद काढला. संस्थेच्या नव्या व्यवस्थापकाची नोटीस होती. मार्थाबाई राहते ते घर संस्थेने बांधलेले असून, तिला चार वर्षांपूर्वी दयाबुद्धीने तेथे राहू दिले. आता तेथे गोदाम बांधायचे असल्याने एका महिन्यात घर रिकामे करावे, असा मजकूर होता.

“दयाबुद्धी,” मी म्हणालो. मी यंत्रावर कागद चढवला. “मावशी, हे घर बांधलं कोणी?”

“आमी दोगांनी. दुसरं कोन बांधनार?”

“केव्हा?”

“दुष्काळात. बहात्तरच्या.”

मी तिला कायदा समजावला. जागा मालकाची असली, तरी शेतमजुराने त्या जागेवर स्वतःच्या कष्टाने राहते घर बांधले असेल, तर त्याला असे उठवता येत नाही. कलमाचा आकडा येथे देत नाही. वाचकांपैकी एखादे वकील मला पत्र लिहितील आणि मला उत्तर द्यावे लागेल. मुद्दा एवढाच, की घर तिने बांधले हे सिद्ध करायला हवे होते. घरपट्टी संस्थेच्या नावावर होती. याकोबच्या हयातीतला एकही कागद तिच्याकडे नव्हता.

“मावशी, काहीतरी पुरावा हवा. कोठे तरी लिहिलेलं असेल.”

“हाय की लिवल्यालं. गान्यात हाय.”

“कोणत्या गाण्यात?”

तिने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, म्हणून ते अजून लक्षात आहे.

“तू जाळलंस त्या,” ती म्हणाली.

मी अर्ज लिहिला. आयुष्यात लिहिलेल्या अर्जांपैकी तो सर्वांत वाईट होता. त्यात मागणी होती आणि आधार नव्हता.

चौकशी नायब तहसीलदारांकडे आली. ते कोपरगावकडचे, बौद्ध कुटुंबातील, पस्तिशीचे, कमी बोलणारे अधिकारी होते. समोरचे बोलून संपले तरी क्षणभर थांबत, आणखी काही येते का ते पाहत. मी मनात म्हणालो, हा माणूस आमच्या धंद्यात शोभला असता. संस्थेतर्फे शहरातून वकील आले होते. मार्थाबाईने सांगितले की आमच्या घराचे कडवे सुगीच्या गीतात आहे.

वकील हसले. “साहेब, आता गाणीही सातबाऱ्यावर चढवायची का?”

“वकीलसाहेब, काय कोठे चढवायचं ते मी शेवटी बघतो,” नायब तहसीलदार म्हणाले. “गाणं कोठे लिहिलेलं आहे?”

तेव्हा वकिलांनी फाइलमधून एक कागद काढला. मी तो दुरून ओळखला. समास माझा होता. संस्थेच्या दप्तरात त्यांनी माझा पंचनामा जपून ठेवला होता. मला हवी असलेली एकही पोच ज्या जगातल्या कचेऱ्यांनी कधी जपली नाही, त्या जगात हा एकच कागद तेवढा सुरक्षित राहिला होता.

“गाण्याची वही होती, साहेब,” वकील म्हणाले. “ती देवळाच्याच लोकांनी अनधिकृत आणि निरुपयोगी ठरवून जाळली. आणि गंमत बघा. खाली सही ज्यांची आहे, त्यांनीच आज या बाईचा अर्ज लिहिला आहे.”

नायब तहसीलदारांनी मला आत बोलावून सत्यप्रतिज्ञेवर साक्ष घेतली. सही माझी आहे का, वही माझ्या हाताने जाळली का, दोन्ही प्रश्नांना मी होय म्हणालो. मग वकिलांनी विचारले, “त्या वहीत मार्थाबाईंच्या घराविषयी काही होतं, असं तुम्हाला आज आठवतं का?”

प्रश्न कुशल होता. ‘आठवते’ म्हणालो तर आपल्याच अशिलासाठी आठवते, असे ते म्हणणार. ‘आठवत नाही’ हे उत्तर मात्र सुरक्षित होते. माझी अब्रू राहिली असती, पंचनामाही खरा ठरला असता, आणि मार्थाबाई रस्त्यावर आली असती. खरे काय होते? वही मी दोनदा वाचली होती, पण दोन्ही वेळा स्वतःच्या रागासाठी. दुसऱ्यांची नावे मी पाहिली, वाचली नव्हती. तिच्या कडव्याचे शब्द मला खरोखर आठवत नव्हते. याकोबचे नाव होते आणि विहिरीचा उल्लेख होता, एवढेच डोळ्यांसमोर येत होते.

मी म्हणालो, “याकोब आणि मार्था यांची नावे होती. विहिरीचे काही होते. पुढचे आठवत नाही, कारण मी ते नीट वाचले नाही. न वाचताच निरुपयोगी लिहिले. तो शब्द माझा आहे आणि तो खोटा आहे. जाळण्यामागे तत्त्व होते असे मी तेव्हा सांगितले. माझ्या वडिलांचे नाव त्या वहीत नव्हते, हेही एक कारण होते. ते मी पंचनाम्यात लिहिले नाही. आता लिहून घ्यावे.”

कारकुनाने मान वर करून साहेबांकडे पाहिले. नायब तहसीलदार नेहमीप्रमाणे क्षणभर थांबले. आणखी काही आले नाही. “लिहा,” ते म्हणाले.

बाहेर आलो तेव्हा मार्थाबाई कडुनिंबाखाली माझ्या खुर्चीत बसली होती.

“मावशी, मी तुमचं नुकसान केलं.”

“शामू, तुला एक विचारू? वही जाळली म्हंजे गानं कसं जळंल?”

“म्हणजे?”

“देवळात आमी तुज्या कागदातली चार कडवी म्हनतो. तू बसल्याला असतो ना म्होरं. खळ्यावर समदं म्हनतो.” तिने पदराने तोंड पुसले. “आमाला कुठं वाचता येतं? वही कुनासाठी हुती, आमाला काय ठावं. मास्तर लिवायचे, आमी म्हनलं लिवू द्या, त्यांला बरं वाटतंय.”

इतकी वर्षे दरवर्षी, मी देवळातून घरी गेल्यावर, गावाच्या अर्ध्या बायका खळ्यावर बसून मी नष्ट केलेला मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत गात होत्या, आणि प्रत्येक सुगीला त्यात भर घालत होत्या. मला कोणी सांगितले नव्हते. मी पत्र लिहिले असते, म्हणून.

मी तसाच आत जाऊन हे नायब तहसीलदारांना सांगितले, आणि स्थळपाहणीला ते स्वतः आले. आधी त्यांनी एक साधी गोष्ट केली, जी मला सुचायला हवी होती. कडवे माहीत असलेल्या तीन बायका पुढे आल्या: स्वतः मार्थाबाई, तिच्याहून थोडी लहान सगुणाबाई, आणि बोळक्या तोंडाच्या रूथबाई. तिघींना त्यांनी दूर दूर बसवले, एकीचे दुसरीला ऐकू जाणार नाही इतके. मग एकेकीपाशी जाऊन म्हणाले, “बाई, गाणं पहिल्यापासून म्हणा. मी थांबा म्हणेपर्यंत.” कारकून मागून लिहीत चालला. वकील छत्री उघडून उभे राहिले.

रूथबाईने सांगितले, “सायेब, दात न्हाईत. हवा जाती. तेवढं सांभाळून घ्या.”

तिघींचे कडवे शब्दाला शब्द जुळले. ते असे:

*याकोब-मार्थेने विहीर खांदिली,*
*पिवळी माती झाली भिंत त्यांची, प्रभुराया.*

शब्दांबरोबर आणखी एक गोष्ट जुळली. तिघींनीही ‘पिवळी’ म्हणताना तळहात जमिनीवर आपटला. खळ्यावर कणसे बडवताना काठी त्या शब्दावर पडते, म्हणून हाताला ती सवय लागलेली. नायब तहसीलदारांनी ते टिपले. त्यांनी पायाखालची माती बुटाने उकरली. ती काळी होती.

“पिवळी कशी?” त्यांनी सगुणाबाईला विचारले. “आणि बाकी प्रत्येक कडव्यात ज्वारी आहे, बाजरी आहे, कडबा आहे. यात पीक नाही.”

“पीक आलंच न्हाई त्या साली, सायेब. बहात्तर साल ते. सुगीच्या सनाला देवळात ठिवायला कुनाकडं कनीस न्हवतं. ही मार्था हिरीतली वली माती घमेल्यात घिऊन आली आन् वेदीपाशी ठिवली. म्हनली, औंदा हेच पीक. पाळकसायेबांनी त्याच्यावरच प्रार्थना केली. मग तिचं कडवं झालं.”

“आणि पिवळी?”

“खालची माती पिवळी हाय. लई खालची. तिथवर गेल्याबिगर पानी लागंना.”

नायब तहसीलदार विहिरीपाशी गेले आणि वाकून पाहिले. वर काळी, मग मुरूम, आणि खाली, पाण्याच्या जरा वर, हळदीसारखा पिवळा पट्टा. मग ते घराकडे गेले. त्या गावातील सगळी जुनी घरे पांढऱ्या मातीची आहेत. संस्थेने बांधलेल्या इमारती विटांच्या. मार्थाबाईच्या मागच्या भिंतीचा गिलावा एका ठिकाणी सुटला होता. साहेबांनी खिशातील किल्लीने तेथे खरवडले. किल्लीला पिवळी माती लागली. त्यांनी ती दोन बोटांत चोळली. ती साबणाच्या भुकटीसारखी मऊ लागली. त्यांनी ती बोटे कारकुनासमोर धरली, आणि कारकुनाने लिहून घेतले.

वकील म्हणाले, “साहेब, विहीर संस्थेची. संस्थेनेही त्या मातीत घर बांधून दिलं असेल.”

सगुणाबाई पदर खोचून पुढे झाली. “दिलं असतं तर संस्थेचं नाव आलं असतं की गान्यात. आमी कुनाचं नाव ठिवून घेत न्हाई, वकीलसायेब. तुमी या एका सुगीला. दिवसभर कडबा बांधा. तुमचं बी घालू.”

वकिलांनी छत्री मिटली. नायब तहसीलदार हसले नाहीत. निघताना ते मला म्हणाले, “आमच्या आईलाही सही येत नाही. पण वस्तीत कोणाचं घर कोणत्या साली झालं, ते ती जात्यावरच्या गाण्यातून सांगते. मी लहानपणी तिला गप्प बस म्हणायचो, अभ्यास करायचाय म्हणून.”

आदेश काही आठवड्यांनी आला. गीत हा दस्तऐवज नव्हे, असे त्यात स्पष्ट होते. मलाही तसे लिहावे लागले असते. परंतु स्वतंत्रपणे घेतलेल्या तीन साक्षी, विहिरीतील थर आणि भिंतीची माती एकमेकांशी जुळतात, म्हणून घर अर्जदार व तिच्या मयत पतीने बांधले असे सिद्ध होते, आणि तिला तेथून उठवता येणार नाही, असा निर्णय होता. मी तो मार्थाबाईला तिच्या ओट्यावर वाचून दाखवला. ‘सिद्ध’ या शब्दापाशी तिने थांबवले.

“म्हंजे रहायचं का जायचं?”

“राहायचं.”

“मग तसं लिवायचं ना,” ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी या प्रकरणात अनेकांचा ऋणी झालो आणि ते ऋण येथे नमूद करतो. त्या तीन बायकांचा, ज्यांनी मला न विचारता गीत जिवंत ठेवले. त्या अधिकाऱ्याचा, ज्याने किल्लीने भिंत खरवडली. आणि संस्थेच्या वकिलांचाही, कारण त्यांनी तो कागद काढला नसता तर मी तो आयुष्यात पुन्हा वाचला नसता. माझ्या घरी त्याची प्रत होती. मी ती कधी उघडली नव्हती.

पुढच्या सुगीच्या सणाआधी मी पंचकमिटीला पत्र दिले. आधीचा आक्षेप विनाअट मागे घेत आहे आणि कडवी देवळात पूर्ववत म्हणावीत, असे लिहिले. ते माझे सर्वांत आखूड पत्र. पाळकसाहेब म्हणाले, “हे मी चौकटीत लावतो.”

सणाच्या दिवशी उपासना बरीच लांबली. कोंबड्या ओरडत राहिल्या. बायकांनी पहिल्यापासून सारे म्हटले, दुष्काळाच्या कडव्यावर सगळ्यांनी बाकांवर तळहात मारला, आणि शेवटी त्या वर्षीचे नवे कडवे आले. ते मार्थाबाईने रचले होते.

*दानियलाच्या शामूने वही जाळिली,*
*साक्ष खरी दिली, प्रभुराया.*

मी पुढच्या बाकावर होतो. उपासना संपताच मी तिला देवळाच्या पायरीवर गाठले.

“मावशी, दुसरी ओळ ठीक आहे. त्याबद्दल आभारी आहे. पण पहिल्या ओळीतलं ते वही जाळल्याचं वगळावं, अशी माझी विनंती आहे. हवं तर लेखी देतो.”

“तेवढं काडलं तर साक्ष कशाची दिली ते कळंल का कुनाला?”

“माझी नातवंडं म्हणतील हे कडवं, मावशी.”

“म्हनू दे की.” ती पायरी उतरू लागली. खाली पोचल्यावर मागे वळून, माझ्याच कचेरीतला सूर काढून म्हणाली, “अर्ज नामंजूर, शामू.”

मी आयुष्यात नामंजुरी स्वीकारलेली नाही. प्रत्येक आदेशावर वरचे दार असते आणि ते ठोठावायचे असते, हे मी शेकडो लोकांना सांगितले आहे. त्या दिवशीही रात्रीच्या जेवणाआधी मी यंत्रावर कागद चढवला आणि विषयाची ओळ टंकित केली. मग सवयीप्रमाणे मूळ मजकूर उतरवून घेऊ लागलो, आणि पहिल्याच शब्दापाशी थांबलो. वीस सुग्या माळ्यावर उभ्या राहिलेल्या माझ्या वडिलांचे नाव त्या गीताला आले होते, आणि ते माझ्या नावाच्या आधी होते.

कागद मी यंत्रातून काढला. अपील केले नाही.